पानबेडक्यांसाठी मोडलेला ताण

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा नाही: हुडकेश्वरच्या बागेचा ताण त्या उन्हाळ्यात मी मोडला. गणपतकाकांनी नाही, मी. हे वाक्य माझ्या मनात पुष्कळदा तयार झालं. कधी पंगतीत जेवताना, कधी वर्गात फळ्याकडे तोंड असताना. दर वेळी मी ते गिळलं. आता पन्नाशी उलटली आहे, मुलं आपापल्या मार्गाला लागली आहेत, आणि गिळलेलं वाक्य पचत नाही एवढं तरी मला कळलं आहे. म्हणून आधी कागदावर उतरवतो.

ज्यांनी संत्र्याची बाग केली नाही त्यांना ताण म्हणजे काय ते सांगायला हवं. संत्र्याचं झाड लाडावलेलं असतं. बारा महिने पाणी मिळालं तर ते नुसता पाला काढत बसतं, फुलायचं विसरतं. म्हणून मृगाचा बहार धरायचा असेल तर आमच्याकडे उन्हाळ्यात त्याचं पाणी तोडतात. झाडाभोवतालची आळी उकरून मुळांना ऊन दाखवतात, मोट खुंटीला टांगतात आणि झाडाला तहानेनं कासावीस होऊ देतात. पानं मिटतात, त्यांचा रंग उडतो, खालची गळून पडतात. नवख्या माणसाला वाटतं बाग मेली. मग मृग लागला की पहिलं पाणी द्यायचं, आणि तेच झाड अंगभर पांढरं फुलतं, असं की वासानं डोकं जड व्हावं. पण या ताणाच्या मधेच कोणी पाणी पाजलं तर सगळं फसतं. झाडाला वाटतं संकट टळलं. ते कोवळी पालवी काढून मोकळं होतं, आणि त्या बहाराची आशा सोडून द्यायची.

बाग माझ्या मावशीच्या घरची. वडिलांची नोकरी फिरतीची, म्हणून कॉलेजसाठी मला नागपुरात मावशीकडे ठेवलं होतं. हुडकेश्वर तेव्हा शहराच्या हिशेबात नव्हतंच. सायकल दामटत मी शहरात शिकायला जायचो आणि धुळीनं पांढरा होऊन परत यायचो. घर बागेतच होतं. पुढे छपरी, आत दोन खोल्या, मागे चूल, आणि चुलीमागे विहीर. ताणाच्या दिवसांत त्या घराला एक वेगळीच शिस्त यायची. भांडी घासलेलं पाणी झाडाच्या बाजूला जायचं नाही, त्यासाठी एक खड्डाच केलेला असे. चूळसुद्धा आळ्यात भरायची नाही. मावशी पहाटे सडा टाकायची तोही हात आखडून, चिमणीनं शिंपडावा तसा. मावसाजी सकाळी उठले की झाडाखाली बसून मातीत बोट खुपसायचे, आणि बोट कोरडं निघालं की समाधानानं मिशीवरून फिरवायचे. ते मितभाषी गृहस्थ. बागेबद्दल सोडून इतर कशाबद्दल त्यांना मत आहे असं मला कधी दिसलं नाही.

त्यांचे धाकटे भाऊ गणपतकाका हे त्यांच्या अगदी उलट. लग्न केलेलं नव्हतं. का नाही म्हणून विचारलं तर म्हणायचे, “वहिनीच्या हातचं खाऊन राहिलो, तिच्याहून बरी रांधणारी भेटली की करतो.” आणि मावशी पदरात हसायची. मोट हाकण्याचं काम त्यांचं. हाकताना ते बैलांशी बोलायचे, गावातल्या सगळ्यांच्या कुचाळक्या त्यांना सांगायचे. चाकाची करकर आणि त्यांचं बोलणं हा आमच्या घराचा आवाज होता. ताण सुरू झाला की तो थांबायचा आणि घर एकदम बहिरं झाल्यासारखं वाटायचं. काकांचा आळस सगळ्या हुडकेश्वरात प्रसिद्ध होता. पाटाच्या शेवटाला त्यांनी स्वतःसाठी वांग्यांचा एक वाफा केला होता. त्या वांग्यांना ते घागरीनं पाणी घालायचे, आणि तेवढं एकच काम ते कोणी न सांगता करायचे. त्या वांग्यांची भाजी आणि गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे रोडगे, वर तुपाची धार, हे मावशीच्या हातचं जेवण मी अजून कुठे जेवलो नाही. रोडगा फोडताना आतून जी वाफ निघायची तिला थोडा राखेचा वास असायचा. तो वास नसेल तर रोडगा कच्चा, असं मावशीचं म्हणणं.

पण काकांच्या आळसाला एक फळ आलं होतं, आणि ते त्यांनाही ठाऊक नव्हतं. विहिरीला लागून विटांचा हौद होता. मोटेचं पाणी त्यात पडायचं आणि तिथून पाटानं झाडांकडे जायचं. मृगाच्या आधी हौद खरवडून त्याला आतून चुना लावायचा, ही सगळ्या बागांची रीत. आमच्याकडे हे काम काकांचं, आणि ते दर वर्षी पावसाळा संपल्यावर व्हायचं. त्यामुळे पावसाळ्यात न खरवडलेल्या भिंतींना पाण्याच्या वर साबणाच्या फेसासारखे गोळे चिकटलेले दिसायचे. रिठ्याचा फेस करून कोणी भिंतीवर थापावा तसे. घरच्यांना ते सवयीचे होते. “पानबेडकीचं घर हाय ते,” मावशीनं मला पहिल्या वर्षीच सांगितलं होतं. “हात नोको लावू. तिची बाळं हायेत आत.”

पानबेडकी हे नाव आमच्याच घरचं. ती संत्र्याच्या पानामागे बसायची, पाय पोटाशी घेऊन, डोळे मिटून, अशी की वाळकं पान वाटावं. रंग बदलायची. पानात असताना मातकट, आणि न्हाणीच्या भिंतीवर आली की चुन्यासारखी फिकट. बोटांच्या टोकांना वाटोळ्या गाद्या, मांड्यांच्या आतल्या बाजूला पिवळे ठिपके, जे ती उडी मारतानाच दिसत. ओरडणं म्हणजे लाकडावर कोणी बोटानं टकटक करावी तसं. एकदा शेजारच्या गावचे पाहुणे छपरीत बसले होते तेव्हा ते तीनदा उठून दार उघडायला निघाले आणि काका गंभीर चेहऱ्यानं म्हणत राहिले, “बसा बसा, आमची सून हाय, तिले लाज वाटते.”

मी कॉलेजात प्राणिशास्त्र घेतलं होतं. आमच्या प्राध्यापकांना मी एकदा या बेडकीचं वर्णन सांगितलं. त्यांनी आधी ऐकून सोडून दिलं. फेसाचं सांगितलं तेव्हा मात्र चष्मा काढला. असा झाडावरचा बेडूक दूरच्या ओल्या डोंगरांत मिळतो, पण नागपूरच्या या रखरखीत मुलखात त्यांनी कधी पाहिला नव्हता. मी म्हटलं, बाटलीत घालून आणतो. ते म्हणाले, “मेलेली एक आणून काय करू? ती इथली आहे की कुठून वाहत आली, हे बाटली सांगत नाही. तिची पिल्लं तिथे वाढून पाय फुटून झाडावर चढलेली दाखवा. मग मी स्वतः येतो.” त्या दिवशी सायकलवरून घरी आलो ते उन्हाचं भानही न ठेवता. आजूबाजूच्या बागा मी सुट्टीत पालथ्या घातल्या. सगळे हौद चुन्यानं पांढरेशुभ्र, आणि पानबेडकी एकाही ठिकाणी नाही. जुनी माणसं म्हणायची, होती पूर्वी. म्हणजे ती फक्त आमच्याकडे टिकली होती, आणि टिकली होती ती गणपतकाकांनी चुन्याची टाळाटाळ केली म्हणून. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की मावशीला मुद्दाम हाक मारून म्हणाले, “ऐकलं काय वं वहिनी? माह्या आळसावर पुस्तक लिहून राहिला हा पोट्टा.”

त्या उन्हाळ्यात ताण ऐन भरात असताना वैशाखात एका संध्याकाळी चार थेंब पडले. सडा घातल्याइतके. मावसाजींनी मातीत बोट घालून पाहिलं, वरची धूळ बसली होती, खाली सगळं कोरडं. ते निश्चिंत झाले. पण पानबेडक्यांना तेवढं पुरलं. हौदाच्या तळाशी हातभर पाणी उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहतो तर त्याच्या वर भिंतीला फेसाचे ताजे गोळे, आणि एका गोळ्यावर मादी अजून बसलेली, मागच्या पायांनी सावकाश फेस घुसळत, एखादी म्हातारी रवी फिरवते तशी. मी छातीवर झोपून ते पाहत राहिलो. आयुष्यात पुढे पुष्कळ पाहिलं, पण इतकं एकटक काही पाहिल्याचं आठवत नाही.

अडचण अशी की त्याच वर्षी मावसाजींनी चुन्याचा हट्ट धरला होता. मृगाच्या आधी हौद पांढरा पाहिजे म्हणून त्यांनी काकांना बजावलं होतं, चुना आणूनही ठेवला होता. मी काकांना गाठलं. ते माझं सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे काम नाही केलं त तुह्या कामी येतो मी? असा मालक मले पह्यल्यांदाच भेटला.” आणि त्यांनी ते निभावलं. मावसाजींनी विचारलं की उत्तर ठरलेलं: “चुना मुरून राहिला, दादा. कच्चा लावला त पोपडे येते.” आठवड्यानंतर पुन्हा विचारलं तरी चुना मुरतच होता. मावसाजी म्हणाले, “गणपत, एवढ्यात त माणूस मुरते.” पण ते विषय तिथेच सोडत. भावावर त्यांचा जीव होता, हे सांगितलंच पाहिजे, नाहीतर पुढचं समजायचं नाही.

गोळे सुकून वरून कवच धरू लागले, खालून ओलसर होत गेले, आणि पिल्लं एकेक करून पाण्यात टपकू लागली. नाकाच्या टोकाशी पांढरट ठिपका असलेली काळसर पिल्लं. पण पाणी रोज बोटभर उतरत होतं. वरून ऊन पीत होतं, खालून हौदाची भेग. मी घरच्या पाण्यातून घागर-दोन घागरी चोरून ओतायचो, त्यानं उतरलेलं बोटभरही भरून निघत नसे. एका सकाळी कोपऱ्यात वाळलेल्या चिखलात काही पिल्लं मेलेली दिसली. मोटेचं पाणी हवं होतं. आणि ते मागायची सोय नव्हती, कारण ताणाच्या बाबतीत काकासुद्धा थट्टा करत नसत. मी एकदा नुसतं सुचवून पाहिलं तर म्हणाले, “ते नाई, दिगू. झाड तहानलेलं असताना मोटेले हात लावायचा नसते. दुसरं काही सांग.” पहिल्या पाण्याचा मान त्यांचा होता. मृगाच्या दिवशी नारळ फोडून पाटाचं तोंड फावड्यानं ते उघडायचे, आणि त्या दिवशी ते अंघोळ करून धुतलेलं धोतर नेसायचे. त्या माणसाच्या आयुष्यात ही एकच गोष्ट गंभीर होती.

मग कन्हानला मावशीच्या नात्यातलं लग्न निघालं. मावशी आणि मावसाजी शेजाऱ्यांच्या दमणीत, छोट्या बैलगाडीत, बसून पहाटेच गेले. राखणीला काका आणि मी. भाऊ घरी नाही म्हटल्यावर काकांनी भांग घोटली, दूध-साखर घालून मनसोक्त प्यायले, माझ्यासाठी पातेल्यात थोडं नुसतं दूध ठेवलं आणि कडुनिंबाखाली बाजेवर आडवे झाले. दुपार तापली. बागेत पानही हलत नव्हतं. मी हौदाशी गेलो, पाण्याकडे पाहिलं, आणि बैल सोडून मोटेला जुंपले. हाकायला मला कोणी शिकवलं नव्हतं, पण दोन वर्षं रोज पाहत होतो. बैल शहाणे होते, त्यांना माझी गरज नव्हती. चाक करकरलं तसा मी काकांकडे पाहिलं. ते कूस बदलून पुन्हा घोरू लागले. हौद चांगला कमरेइतका भरला. बैल बांधून मी हौदाच्या पलीकडच्या काठावर पालथा पडलो. नव्या पाण्यात पिल्लं सैरावैरा पळत होती, आणि उरलेल्या गोळ्यातून आणखी टपकत होती. किती वेळ गेला माहीत नाही. मला त्या वेळी खरोखर फार आनंद झाला होता, आणि तोच आनंद आजही तसाच आठवतो, त्याला मागाहून काळं लागलं नाही याची मला लाज वाटते.

हौदाचं पाटाकडचं तोंड चिंध्या आणि मातीच्या बोळ्यानं बुजवलेलं असे. महिनाभर उन्हात वाळलेला तो बोळा पाण्याच्या दाबानं निघाला. धुळीतून जाणारं पाणी आवाज करत नाही. मी उठलो तेव्हा हौद निम्मा झाला होता आणि पाणी थोरल्या ओळीच्या आळ्यांतून फिरून काकांच्या वांग्यांपर्यंत पोचलं होतं. थोरली ओळ म्हणजे बागेतली सगळ्यात जुनी झाडं, मावसाजींच्या वडिलांनी लावलेली. मी बोळा बसवला, कोरडी माती फावड्यानं ओढून आळ्यांवर पसरली, वर पालापाचोळा टाकला. उन्हानं तासाभरात सगळं कोरडं दिसायला लागलं, आणि ताणाच्या दिवसांत हौदात माझ्याशिवाय कोणी डोकावत नसे. काका उठले, तोंड धुतलं, बैलांच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, “बैल घामेजले काहून रे?” मी म्हटलं, “ऊन फार आहे.” “ऊन त हाय,” काका म्हणाले, आणि चहा ठेवायला गेले.

थोड्याच दिवसांत थोरल्या ओळीनं पोपटी पालवी काढली. लांबून ती फार सुंदर दिसत होती. मावसाजी सकाळी पाहून आले आणि छपरीत येऊन उभेच राहिले. काका चहा पीत होते, मी पुस्तक घेऊन बसलो होतो, मावशी तांदूळ निवडत होती.

“गणपत, पाणी कोणं देल्लं?”

“कोन्तं पाणी?”

“थोरल्या ओळीले.”

काकांना वाटलं थट्टा आहे. “देवानं देल्लं असन.”

“देवानं देल्लं त तुह्या वांग्यापाशीच येऊन थांबलं काय?”

काकांनी कप खाली ठेवला. उठून बाग पाहून आले. परत आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरला होता. “दादा, मी नाई देल्लं,” ते म्हणाले.

“भाऊजी, सांगून टाका,” मावशी हळू आवाजात म्हणाली. “वांगी त आपण साऱ्यायनंच खाल्ली.”

“वहिनी, तुम्हीबी? आईची शपथ, मोटेले हात नाई लावला.”

“कन्हानच्या दिवशी भांग घोटली होती की नाई?” मावसाजींनी विचारलं. “पातेलं सांगून राहिलं होतं.”

“घोटली होती.”

“मंग तुले काय ठाव तू काय केलं? तू नाई त कोणं केलं? या पोट्ट्यानं? त्याले बैलाचं तोंड कोन्तं न् शेपूट कोन्तं ते ठाव नाई.”

मावशीला हसू आलं. मीही हसलो. काका माझ्याकडे न पाहता म्हणाले, “त्याले मधात नोका घेऊ. थो वाचून राहिला होता.” त्या क्षणी बोललो असतो तर फार तर मावसाजींनी मला वडिलांकडे पाठवलं असतं. कॉलेज सुटलं असतं, हौदाला चुना लागला असता, प्राध्यापक आले नसते. हे सगळं मी तिथल्या तिथे हिशेब करून पाहिलं, हे मला स्वच्छ आठवतं. मी घाबरून गप्प बसलो असं आजवर स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. मी विचार करून गप्प बसलो.

पालवीच्या त्या धक्क्यात मावसाजींना हौदाच्या चुन्याची आठवण राहिली नाही, आणि मृगाच्या दिवशी पाटाचं तोंड त्यांनीच उघडलं. काका धुतलेलं धोतर नेसून आले होते, ते बाजूला उभे राहिले. नारळाचा प्रसाद घेतला. बाकीची बाग फुलली, थोरली ओळ नाही. रागावून झालं की मावसाजी विसरायचे. घर पुन्हा पहिल्यासारखं चालू लागलं. पावसाळा चांगला झाला, मावशीनं अळूच्या पानांच्या वड्या केल्या, जवसाची चटणी कुटली. आणि हौदातल्या पिल्लांना पाय फुटले. शेपट्या झडायच्या आधीच ती भिंत चढून काठावर येऊन बसत, भुईमुगाच्या दाण्याएवढी. काका आणि मी रोज सकाळी ती पाहायला जायचो. अशाच एका सकाळी एक पिल्लू त्यांच्या अंगठ्याच्या नखावर चढून बसलं होतं. ते त्याच्याकडे पाहत म्हणाले, “दिगू, एक विचारू? दादासमोर नाई विचारलं. तू त्या दिवशी घरीच होता. मले भांगेतलं काहीच याद नाई. मोटेचं चाक वाजलं होतं काय?”

मी म्हटलं, “वाजलं होतं, काका.”

त्यांनी मान हलवली. “मंग मीच,” ते म्हणाले. “बरं झालं तू सांगतलं. मले वाटून राहिलं होतं दादा उगाच म्हणते.” मग त्यांनी ते पिल्लू जपून संत्र्याच्या पानावर सोडलं.

एवढंच घडलं. मी बोललो ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि त्याहून मोठं खोटं मी पुढे कधी बोललो नाही.

प्राध्यापक आले. छपरीत बसून त्यांनी रोडगे खाल्ले, हौदाशी गुडघे टेकून पिल्लं पाहिली, पानामागची मोठी पानबेडकी पाहिली आणि मावसाजींना हात जोडून म्हणाले की या हौदाला आता मृगाच्या आधी चुना लावू नका. मावसाजींना त्या माणसाचं गुडघे टेकणं आवडलं असावं. त्यांनी शब्द दिला, आणि मावशीनं तो शब्द घराची रीत करून टाकला. चुना पावसाळ्यानंतर, फेस दिसला तर तोही नाही. पुढे इंजिनं आली, लोखंडी नळ आले, शेजारच्या बागांतले हौद बुजले. आमचा आहे. गेल्या पावसाळ्यात मी माझ्या विद्यार्थ्यांना घेऊन गेलो तेव्हा न्हाणीतल्या बादलीच्या कडीवर एक बसली होती, फिकट होऊन, डोळे मिटून. पाहुण्यांना घरची मंडळी अजून सांगतात, ह्या आमच्या दिगूनं वाचवल्या. मी ते ऐकून घेतो.

काकांनी त्या पावसाळ्यात भांग सोडली ती कायमची. घरच्यांना आनंदच झाला. मावशी म्हणायची, “एक ओळ गेली, पण भाऊजी सुधारले.” ते सुधारले हे खरं. पण त्यांचा स्वतःवरचा भरवसा गेला. फाटक लावून आले की पुन्हा जाऊन पाहायचे, आणि तरी मला विचारायचे, “लावलं ना रे मी?” बागेत एकटे राहायला ते तयार नसत. मोट हाकताना बैलांशी बोलायचे, पण पहिल्यासारखं जग उघडून नाही. पुढच्या वर्षी मावसाजींनी स्वतः फावडं त्यांच्या हातात दिलं, म्हणाले, “घे, तुहं काम हाय हे.” काकांनी ते परत केलं. “माह्या हाताचा भरवसा नाई, दादा,” ते म्हणाले. मावसाजी हयात होते तोवर दर वर्षी ते फावडं पुढे करत राहिले, आणि काका हसून मागे सरत राहिले. ती गोष्ट ते लग्नाकार्यात स्वतःच रंगवून सांगतात: भांगेच्या तारेत मोट हाकली आणि वांग्यांनी संत्र्याचं पाणी पिऊन टाकलं. लोक पोट धरून हसतात. काय काय केलं ते त्यांना आता सगळं आठवतं. बैल कसे जुंपले, ऊन कसं होतं, चाक कसं वाजलं.

मी सुखी माणूस आहे. नोकरी मनासारखी झाली, संसार बरा झाला, आणि ज्या जीवावर तरुणपणी मन जडलं तो जीव अजून त्या बागेत टकटक करतो आहे. हे सुख खोटं आहे असं मी म्हणणार नाही. त्याची किंमत दुसऱ्यानं दिली, इतकंच.

गणपतकाका हयात आहेत. हुडकेश्वरलाच असतात, भाच्या-पुतण्यांत. ऐकू फार कमी येतं. त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी ओरडून बोलावं लागतं, आणि ते घरभर ऐकू जातं. याच कारणावर मी गेली काही वर्षं काढली. आता ते कारण चालणार नाही. मोट त्यांनी हाकली नव्हती, मी हाकली होती, हे त्यांच्या कानाशी ओरडून सांगण्याचं देणं मी त्यांना लागतो, आणि हे लिहीपर्यंत ते मी सांगितलेलं नाही.